समोरचा रडीचा डाव खेळतोय, आता काय?

ऑनलाइन बुद्धिबळाचा दहा मिनिटांचा डाव होता. माझ्याकडे वजीर आणि हत्ती, समोरच्याकडे राजा आणि दोन अडकलेली प्यादी. त्याच्या घड्याळात सहा मिनिटं चाळीस सेकंद शिल्लक होती आणि तो थांबला. आधी वाटलं, विचार करतोय. दोन मिनिटं गेली, तीन गेली. विचार करण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, राजाला जायला घरंच दोन होती. मी दुसरी खिडकी उघडून बातम्या वाचत बसलो. जेमतेम दहा-बारा सेकंद उरले असताना त्याने चाल केली आणि माझं घड्याळ पळू लागलं. माझ्या लक्षात येईपर्यंत मिनिटभर गेलं होतं आणि डोकं पार फिरलं होतं. रागाच्या भरात धडाधड तीन चाली मारल्या. तिसऱ्या चालीला वजीर अशा घरात नेऊन ठेवला की त्याच्या राजाला शह नाही आणि हलायलाही जागा नाही. स्टेलमेट. डाव बरोबरीत!

लहानपणीच्या खेळात अशा पोराला ‘रड्या’ म्हणून बाजूला तरी काढता यायचं. ऑनलाइन बुद्धिबळात रड्याचा चेहरा दिसत नाही, वय कळत नाही. दिसतं ते टोपणनाव, रेटिंगचा, म्हणजे ताकद दाखवणारा आकडा आणि उलटं मोजणारं घड्याळ. तो मुद्दाम छळतोय, की त्याचं इंटरनेट गेलंय, की खरंच चाल सुचत नाहीये, हे इकडून ओळखणं अवघड. ओळखलं तरी करायचं काय, हा पुढचा प्रश्न. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक रडीचे डाव घड्याळाच्या आधाराने खेळले जातात, आणि ते घड्याळ डाव लावताना आपणच निवडलेलं असतं. अर्धा बंदोबस्त तिथेच करता येतो.

दुखणं जुनंच आहे

हा प्रकार इंटरनेटने आणला असं कुणाला वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. १८५१ साली लंडनला पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली तेव्हा चालीला वेळेची मर्यादाच नव्हती. माणूस एका चालीवर हवा तितका वेळ बसून राही. त्या स्पर्धेत इंग्लंडचा नामवंत खेळाडू हॉवर्ड स्टाँटन प्रतिस्पर्धी एलायजा विल्यम्सच्या संथ खेळाने इतका वैतागला की त्याच्या तक्रारी आजही बुद्धिबळाच्या इतिहासात सांगितल्या जातात. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश या नामवंत खेळाडूंच्या सामन्यात वाळूची घड्याळं वापरली गेली. १८८३ च्या लंडन स्पर्धेत एकमेकांना जोडलेली दोन यांत्रिक घड्याळं आली, एक सुरू झालं की दुसरं थांबायचं. म्हणजे बुद्धिबळाचं घड्याळ जन्मालाच आलं ते समोरच्याला ताटकळत ठेवणाऱ्यांना आवरायला.

तरी ते पुरलं नाहीच. १८९५ साली हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या विल्हेल्म स्टाइनिट्झने कुर्ट फॉन बार्डेलेबेनविरुद्ध असा हल्ला चढवला की बचावाला वावच उरला नाही. बार्डेलेबेनने डाव सोडला नाही. तो उठला, सभागृहाबाहेर गेला आणि परत आलाच नाही. घड्याळ एकटंच टिकटिकत राहिलं. आज ज्याला आपण ऑनलाइन खेळाडूंची विकृती म्हणतो, तीच गोष्ट एका नामवंत मास्टरने भर स्पर्धेत केली होती. स्टाइनिट्झने त्या वेळात काय केलं ते पुढे सांगतो, कारण आपल्याला तेच करायचं आहे.

डाव लावतानाच

डाव सुरू करताना तुम्ही समोरच्याला काही मिनिटं लिहून देता. दहा मिनिटांचा डाव लावला तर ती दहा मिनिटं त्याची झाली. ती त्याने विचारात घालवली काय, की तुम्हाला ताटकळत ठेवण्यात घालवली काय, घड्याळाला फरक कळत नाही. तो जास्तीत जास्त तेवढीच मिनिटं खाऊ शकतो, एक सेकंदही जास्त नाही. तीस मिनिटांचा डाव लावणाऱ्याने वीस मिनिटं ताटकळायची तयारी ठेवूनच तो लावावा. ती तयारी नसेल तर छोटा डाव लावावा.

पण नुसता छोटा डाव हे उत्तर नव्हे. तीन मिनिटांच्या डावात ताटकळणं कमी होतं आणि दुसरीच कटकट सुरू होते: समोरचा हरलेल्या स्थितीत फक्त तुमचं घड्याळ संपवण्यासाठी निरर्थक चाली करत राहतो. यावर तोडगा आहे तो प्रत्येक चालीमागे थोडा वेळ वाढवून मिळण्याचा, म्हणजे इन्क्रिमेंटचा. माजी जगज्जेत्या बॉबी फिशरने अशा घड्याळाच्या पेटंटसाठी १९८८ मध्ये अर्ज केला, १९८९ मध्ये ते मिळालं आणि १९९२ च्या स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात तो त्याच घड्याळावर खेळला. ‘३+२’ असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ सुरुवातीला तीन मिनिटं आणि दर चालीमागे दोन सेकंद. चाळीस चालींचा डाव धरला तर प्रत्येकाला ऐंशी सेकंद जास्तीचे मिळतात, म्हणजे एकूण चार मिनिटं वीस सेकंद. ‘५+३’ मध्ये चाळीस चालींना सात मिनिटं पडतात.

या दोन-तीन सेकंदांची किंमत कळते ती डावाच्या शेवटी. राजा आणि हत्तीने एकट्या राजाला मात करायची आहे आणि घड्याळात चार सेकंद उरलेत, अशी वेळ आली की शून्य इन्क्रिमेंटच्या डावात तुमचं ज्ञान कवडीमोल होतं. इन्क्रिमेंट असेल तर पद्धत माहीत असलेला माणूस शांतपणे मात करतो. वेळेवर जिंकणाऱ्यांबद्दल सतत तक्रार करणारे बहुतेक लोक शून्य इन्क्रिमेंटचेच डाव लावताना मी पाहिलेत. मीही त्यातलाच होतो.

विजयाचं बटण का येत नाही?

समोरचा गप्प बसला की नवख्याला पहिला प्रश्न पडतो: संकेतस्थळाला हे दिसत नाही का? दिसतं, पण अर्धवट. डाव चालू असताना तुमचा ब्राउझर किंवा ॲप आणि संकेतस्थळाचा सर्व्हर यांच्यात जोडणी उघडी असते. कुणी खिडकी बंद केली, फोनची रेंज गेली, वीज गेली, तर ती जोडणी तुटते आणि सर्व्हरला थोड्याच वेळात कळतं. मग वेगळी मोजणी सुरू होते. लीचेस या संकेतस्थळावर थोडा वेळ वाट पाहिल्यानंतर तुम्हाला विचारलं जातं, विजय घ्यायचा, बरोबरी मान्य करायची, की थांबायचं. चेस डॉट कॉमवर ठरावीक वेळ गेला की यंत्रणाच डाव सोडून दिल्याचा निकाल लावते.

मुरलेला रड्या हे सगळं जाणून असतो. तो खिडकी बंद करत नाही. जोडणी जिवंत ठेवून नुसता बसून राहतो. सर्व्हरच्या दृष्टीने तो हजर आहे, त्याची पाळी आहे, त्याच्याकडे वेळ आहे. अशा माणसावर तुम्हाला विजय देऊन टाकला तर खऱ्याखुऱ्या अवघड स्थितीत पाच मिनिटं विचार करणाऱ्यावर अन्याय होईल. म्हणून चालू डावात यंत्रणा हात घालत नाही, ती नंतर हिशोब करते. हरताना एकाएकी चाली थांबवून घड्याळ संपू देण्याचा प्रकार नोंदला जातो. असं वारंवार घडलं की आधी ताकीद मिळते, मग काही काळ नवा डाव लावायला बंदी येते, आणि सवय सुटली नाही तर बंदीची मुदत वाढत जाते. डाव सुरू होताच चाल न करता तो रद्द करणाऱ्यांचाही असाच हिशोब होतो. काळी मोहरी आली की डाव रद्द करणारे महाभाग असतात, त्यांना थोड्या वेळात कळतं की आता कुठलाच डाव लागत नाही.

तुम्हाला त्या क्षणी यातलं काही दिसत नाही, म्हणून कुणी दखलच घेत नाही असं वाटतं.

आता ती सहा-सात मिनिटं घालवायची कशी? मी केलं ते करू नका. खिडकी सोडू नका, आणि सोडलीच तर आवाज चालू ठेवा. ताटकळत ठेवणाऱ्याचा अर्धा डाव हाच असतो की तुम्ही उठून जावं आणि मग त्याने शेवटच्या क्षणी चाल करावी. उरलेला अर्धा डाव तुमच्या रागावर चालतो. त्याला माहीत असतं की घाईने खेळलेला माणूस वजीर फुकट घालवतो नाहीतर स्टेलमेट करतो. म्हणून त्या वेळात त्याच्या सगळ्या शक्य चाली मोजा. हरलेल्या स्थितीत त्या फार नसतात. प्रत्येक चालीला आपलं उत्तर काय, ते ठरवा. त्याच्या राजाला प्रत्येक वेळी एक तरी घर मोकळं राहतंय ना, ते बघा. बार्डेलेबेन निघून गेल्यावर स्टाइनिट्झने हेच केलं होतं: जमलेल्या प्रेक्षकांना त्याने मात होईपर्यंतच्या पुढच्या चालींची सगळी साखळी पटावर मांडून दाखवली. ती बघून लोक थक्क झाले आणि त्या डावाला सौंदर्याचं बक्षीस मिळालं. प्रतिस्पर्ध्याचा वेळ होता, तोही फुकटचा!

एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगायला हवी. थांबलेला प्रत्येक माणूस रड्या नसतो. ऑगस्ट २०२० मध्ये फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम लढतीत इंटरनेटच्या जागतिक बिघाडामुळे भारताच्या दोन खेळाडूंची जोडणी तुटली आणि त्यांचे डाव वेळेवर गेले. फिडेने शेवटी रशिया आणि भारत या दोघांनाही सुवर्णपदक दिलं. त्याच स्पर्धेत आधी भारताविरुद्धच्या लढतीत जोडणी तुटल्याने एक डाव गेला म्हणून आर्मेनियाने दाद मागितली, ती फेटाळली गेली आणि त्यांनी माघार घेतली. इतक्या वरच्या पातळीवर, पंच हजर असताना असा गोंधळ होतो, तर आपल्या रात्रीच्या ब्लिट्झमध्ये, म्हणजे झटपट डावांत, तो होणारच. घड्याळातले आकडे मध्येच उड्या मारताना दिसले तरी फसवणूक समजू नका. संदेश पोचायला लागलेला उशीर काही प्रमाणात खेळाडूला परत दिला जातो, त्यामुळे समोरच्याचं घड्याळ अचानक थोडं मागे सरकल्यासारखं दिसतं.

जे नुसतं खुपतं

काही गोष्टी मनाला लागतात, पण त्यात चूक काहीच नसते. हरलेल्या स्थितीत खेळत राहणं ही त्यातली पहिली. ‘एक वजीर कमी असताना डाव सोडत नाही म्हणजे अपमानच’ असं मानणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. मघाच्या माझ्या डावात समोरच्याची नियत खोटी होती, पण डाव न सोडण्याचा त्याचा निर्णय बरोबर निघाला, बरोबरी मिळालीच ना त्याला! ग्रँडमास्टर डाव लवकर सोडतात, कारण समोरचा चुकणार नाही याची त्यांना खात्री असते. आपल्या पातळीवर तशी खात्री कुणालाच नसते. जिंकलेला डाव जिंकून दाखवणं हे आपलं काम आहे.

वेळेवर जिंकणं, ज्याला सगळे ‘फ्लॅग करणं’ म्हणतात, तेही नियमातच आहे. वेळ हे मोहऱ्यांसारखंच एक भांडवल. तुम्ही ते खर्चून चांगली स्थिती विकत घेतली, समोरच्याने वाईट स्थिती घेऊन वेळ राखला. इथे एक नियम नीट माहीत हवा. तुमचा वेळ संपला आणि समोरच्याकडे नुसता राजा उरला असेल, तर तुम्ही हरत नाही, बरोबरी होते. त्याच्याकडे एक जरी प्यादं असेल तर हरता, कारण त्या प्याद्याचा वजीर होऊन मात होण्याची निदान शक्यता असते. एकटा घोडा किंवा एकटा उंट उरला असेल तर काय, याचं उत्तर संकेतस्थळागणिक थोडं बदलतं, त्यामुळे आपल्या संकेतस्थळाचं पान एकदा वाचून ठेवावं. म्हणून वेळ संपत आला, मात जमणार नाही असं दिसलं आणि समोरच्याकडे राजाबरोबर एखादंच प्यादं उरलं असेल, तर ते मारा. मग तो कितीही भरभर खेळो, त्याला जिंकता येत नाही.

हत्ती विरुद्ध हत्ती अशा उघड बरोबरीच्या स्थितीत समोरचा केवळ तुमच्या घड्याळासाठी खेळत असेल, तर समोरासमोरच्या इन्क्रिमेंट नसलेल्या मोठ्या डावात शेवटच्या दोन मिनिटांत पंचाकडे दाद मागायची सोय फिडेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. ऑनलाइन डावात पंच नसतो. तिथे आधार दोनच: तीच स्थिती तीनदा येणं, आणि प्यादं न हलवता व काही न मारता पन्नास चाली होणं. स्थिती तीनदा आल्यावर चेस डॉट कॉम आपोआप बरोबरी देतं. लीचेसवर तिसऱ्या वेळेला तुम्हाला बटण दाबून ती मागावी लागते. पाचव्यांदा तीच स्थिती आली की मात्र ती आपोआप होते. हा फरक माहीत नसल्यामुळे कित्येकांनी हातातली अर्धा गुणाची कमाई घालवली आहे.

जिंकलेला माणूस मात न करता एकामागून एक वजीर करत बसतो, किंवा मुद्दाम चार घोडे करतो, हा प्रकार खिजवण्यासाठीच असतो यात वाद नाही. पण डाव सोडायचं बटण तुमच्याकडे आहे. दाबलं की त्याचा तमाशा संपला. की थांबायचं? मी थांबतो. पाच वजीर झालेल्या पटावर स्टेलमेट करणं किती सोपं आहे, हे त्याला बहुधा ठाऊक नसतं.

जिंकल्यावर पुन्हा डाव न देणारा, बरोबरी नाकारणारा, चाल मागे घेऊ न देणारा, हे तिघेही आपल्या हक्कात आहेत. त्यांच्यावर चिडण्यात काही अर्थ नाही.

बडबड

फिडेच्या नियमांतलं कलम ११.५ सांगतं की प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करणं किंवा त्याला त्रास देणं कुठल्याही प्रकारे मना आहे, आणि अवाजवी बरोबरीचे प्रस्तावही त्यातच धरले आहेत. म्हणजे दर चालीला ‘बरोबरी?’ विचारणं हा नुसता आगाऊपणा नव्हे, तो नियमभंग आहे. ऑनलाइन यात शिवीगाळ, देशावरून, जातीवरून, बाईमाणसावरून टोमणे, आणि ‘किती वेळ लावतोस’ सारखी टोचणी यांची भर पडते.

यावरचा उपाय इतका सोपा आहे की तो लोक का करत नाहीत याचंच मला नवल वाटतं. चॅट बंद करा. दोन्ही मोठ्या संकेतस्थळांवर तशी सोय आहे. लीचेसवर झेन मोड नावाची सोय आहे, ती लावली की डाव चालू असताना रेटिंगही दिसत नाही, फक्त पट आणि घड्याळ उरतं. चाल मागे घेण्याच्या विनंत्याही सेटिंगमध्ये जाऊन कायमच्या बंद करता येतात. घरातलं मूल खेळत असेल तर लीचेसवरच किड मोड आहे, त्यात सगळा संवादच बंद होतो. तो आधी लावावा, मग मुलाला पट द्यावा.

शिवीला उत्तर मात्र देऊ नये. सभ्यतेचा प्रश्न बाजूला ठेवा, यामागे साधा व्यवहार आहे. तुम्ही तक्रार केल्यावर जो माणूस ती तपासतो, त्याच्यासमोर अख्खं संभाषण असतं. तुमचीही शिवी त्यात असेल तर दोघांवरही कारवाई होऊ शकते. गप्प राहा, डाव संपवा, रिपोर्टचं बटण दाबा, ब्लॉक करा. ब्लॉक केल्यावर त्या माणसाशी पुन्हा गाठ पडण्याची भीतीही फारशी राहत नाही.

आठ गुणांचं गणित

रागाच्या मुळाशी बहुतेक वेळा रेटिंग असतं, म्हणून त्याचा हिशोब एकदा मांडू. अर्पाड इलोच्या पद्धतीत, जी फिडेने १९७० मध्ये स्वीकारली, दोन खेळाडूंच्या रेटिंगमधल्या फरकावरून कुणाला किती टक्के यश मिळेल याचा अंदाज काढतात. फरक शून्य असेल तर प्रत्येकाची अपेक्षा ५० टक्के. १०० गुणांचा फरक असेल तर वरच्याची ६४ टक्के, २०० चा असेल तर ७६ टक्के. ऑनलाइन संकेतस्थळं याच कल्पनेचे सुधारलेले अवतार वापरतात. नियमित खेळणाऱ्याचं रेटिंग बरोबरीच्या खेळाडूशी एका डावात साधारण पाच-दहा गुणांनी हलतं.

समजा, कुणीतरी रडीचा डाव खेळून तुमचे आठ गुण पळवले. आता तुमचं रेटिंग तुमच्या खऱ्या ताकदीपेक्षा आठने कमी दाखवतंय, म्हणून पुढचे प्रतिस्पर्धी तेवढे कच्चे मिळणार, आणि त्यांच्याविरुद्ध तुमची अपेक्षा ५० ऐवजी ५१ टक्के होणार. म्हणजे यंत्रणाच तुम्हाला हळूहळू वर ढकलत राहते. पळवलेले गुण आज ना उद्या आपोआप परत येतात, त्यासाठी काही करावं लागत नाही.

खरं नुकसान पुढच्या डावात होतं. ‘आता हे गुण वसूल करूनच झोपतो’ म्हणून लगेच लावलेला डाव, मग त्यापाठोपाठ आणखी एक. याला सगळीकडे ‘टिल्ट’ म्हणतात. रड्याने आठ नेले आणि मी पुढच्या तासाभरात सत्तर घालवले, असा एक दिवस माझ्या आलेखात आजही खड्ड्यासारखा दिसतो. त्या दिवसापासून माझा नियम आहे: ज्या डावाने चिडलो, त्याच्यानंतर त्या दिवशी नवा डाव नाही. कोडी सोडवायची असतील तर सोडवावीत, कोड्यांना घड्याळ नसतं.

आणि इंजिन

शेवटी सगळ्यात गंभीर प्रकार. स्टॉकफिशसारखं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारी संगणकाची आज्ञावली, फुकट मिळतं आणि साध्या फोनवरही कुठल्याही जगज्जेत्यापेक्षा वरचढ खेळतं. त्याला विचारून चाली करणं ही सरळ फसवणूक आहे. पत्रोत्तरी बुद्धिबळाच्या आयसीसीएफ या संघटनेत इंजिन चालतं, पण तिथे दोघांनाही ते माहीत असतं. नेहमीच्या संकेतस्थळांवर, अगदी दिवसाला एक चाल अशा संथ डावातही, सुरुवातीच्या चालींचे संग्रह बघायला परवानगी असते, इंजिनला नसते.

संशय कशावरून घ्यावा? लोक आधी डावानंतर संकेतस्थळ दाखवतं ती अचूकतेची टक्केवारी बघतात, आणि तिथेच फसतात. डाव छोटा असेल, पाठ केलेल्या चालींत गेला असेल, किंवा तुम्ही लवकर मोठी चूक केली असेल, तर साधा खेळाडूही ९५ टक्क्यांवर जातो, कारण चांगल्या चाली उघड असतात. त्यापेक्षा वेळ बोलतो. माणूस मारलेलं मोहरं परत मारायला एक सेकंद घेतो आणि अवघड चालीला मिनिट. एकच घर मोकळं असलेल्या राजाला हलवायलाही कुणी सहा सेकंद आणि मोहरं बळी देणाऱ्या खोल चालीलाही सहा सेकंद घेत असेल, तर काहीतरी गडबड असू शकते. असू शकते, इतकंच. एका डावावरून काहीही सिद्ध होत नाही.

बफेलो विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक केनेथ रीगन अनेक वर्षं याच संख्याशास्त्रावर काम करत आहेत. कल्पना अशी की अमुक रेटिंगचा माणूस इंजिनच्या चालींशी साधारण किती जुळतो, याचा अंदाज आधी बांधायचा आणि अनेक डावांत तो त्याच्या किती पलीकडे जातो ते मोजायचं. संकेतस्थळांच्या यंत्रणाही याच अंगाने जातात. लीचेसवर आयर्विन नावाची यंत्रशिक्षणावर चालणारी आज्ञावली यासाठी वापरात आली. चाली, लागलेला वेळ, आणि खेळाडूने डावात खिडकी कितीदा सोडली, अशी माहिती एकत्र केल्यावर जे चित्र उभं राहतं ते तुमच्या-माझ्या नजरेला एका डावात दिसणारच नाही.

म्हणून संशय आला तर रिपोर्ट करा आणि गप्प बसा. चॅटमध्ये ‘चोर’ म्हणू नका, जाहीर नाव घेऊन बोंब मारू नका, दोन्ही संकेतस्थळांना ते चालत नाही. २०२२ मध्ये सिंकफील्ड कप या स्पर्धेत अमेरिकी ग्रँडमास्टर हान्स नीमनकडून हरल्यावर तेव्हाच्या जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनने स्पर्धा सोडली, पुढे उघड संशय घेतला. चेस डॉट कॉमने नीमनच्या ऑनलाइन डावांबद्दल मोठा अहवाल काढला, पण त्या समोरासमोरच्या डावात फसवणूक झाल्याचा पुरावा समोर आला नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तडजोडीने मिटलं. जगज्जेत्याची नजरसुद्धा पुरावा ठरली नाही.

खातं बंद झालं की अशा खेळाडूकडून अलीकडे हरलेल्यांचे गुण परत केले जातात, तसा निरोप येतो. मला तो आजवर दोनदा आला. दोन्ही वेळा मी तो जुना डाव उघडून पाहिला. दोघांवरही मला तेव्हा जरासुद्धा संशय आला नव्हता, एकाला तर मी ‘छान खेळलास’ असं लिहिलं होतं. आणि ज्या पाच-सहा जणांना मी दात-ओठ खात रिपोर्ट केलं होतं, त्यांची खाती अजून सुखाने चालू आहेत.